पाडव्यापासून

भुशी, लोणावळा
बुधवार, दुपारचे तीन

प्रिय हौशीराम,

लिहिलं नाव. एकतीस वर्षांत उखाण्याशिवाय तुमचं नाव घ्यायची ही पहिलीच वेळ, आणि तीही रागात. 'अहो' म्हणून सुरुवात केली असती तर सगळं नेहमीसारखंच झालं असतं. मी बोलायला लागणार, तुम्ही भिंतीकडे तोंड करून "व्हय, व्हय, कळलं" म्हणणार, आणि मी पुटपुटत चहा ठेवायला आत जाणार. म्हणून समोर बसून बोलण्यापेक्षा लिहिते आहे. निलेशला सांगून ठेवलंय, पत्र तुमच्या हातात द्यायचं, चष्मा द्यायचा आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचं. वाचून दाखवायचं नाही. यातलं थोडं असं आहे की ते पोराच्या कानावर पडू नये असं मला वाटतं.

सोमवारी सकाळी तुम्ही इथल्या अंगणात, माझ्या भावाच्या दारात, मांडवाखाली खुर्ची टाकून बसला होतात. आदल्या दिवशी भाच्याचं, संदेशचं लग्न झालेलं, घरात पाहुणे पसरलेले, आणि तुम्ही केरबादादाला सांगत होतात, "काल नेम मोडला दादा. चोवीस दिस झालतं. आता पुन्यांदा पयल्यापासून. पाडव्यालाच धरू." आणि आमचे बंधुराज मान हलवून म्हणाले, "बराबर हाय भावजी, मुहूर्त चांगला हाय." माझ्या हातात हळदीचं ताट होतं. ते तुम्हा दोघांच्या डोक्यावर उपडं करावं असं मला इतकं वाटलं, इतकं वाटलं, की मी ताट खाली ठेवून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत बसले. साडेतीन मुहूर्तांतला एक म्हटल्यावर त्या दिवशी हात आपोआप हलायला लागणार, नाही का! पाडव्याला अजून बावीस दिवस आहेत, हौशीराम. बावीस दिवस हात मांडीवर ठेवून बसायचं, आणि मग गुढी उभारून व्यायाम.

भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या हातातून चहाचा कप गळला, तेव्हापासून आज चार महिने झाले. दवाखान्यातून घरी आणलं त्या आठवड्यात तळेगावहून व्यायाम शिकवणारी अनघा पहिल्यांदा आली होती, आठवतं ना? तिनं तुमची बोटं एकेक उघडून पाहिली आणि सरळ सांगितलं, "काका, अर्धांगवायूनंतरचे पहिले सहा महिने सोन्याचे. नंतरही सुधारतं, पण मग मुंगीच्या पावलानं. आत्ता जे येईल ते येईल." सहातले चार गेले. उरलेल्या दोनांतले बावीस दिवस तुम्ही पाडव्याच्या नावानं सोडून दिलेत. तुमचा उजवा हात परत येणार की जन्मभर असाच छातीशी आखडून राहणार, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर याच दोन महिन्यांत मिळणार आहे. हे तुम्हाला कळत नाही असं मी म्हणत नाही. तुम्हाला कळतं आणि तरी तुम्ही मुहूर्त बघता, म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मला तुमच्या नेमाची चेष्टा करायची नाही. मी तो बघतच संसार केला. लग्नानंतरच्या पहिल्याच सप्ताहात तुम्हाला ताप होता, अंग भट्टीसारखं तापलेलं, आणि तुम्ही घोंगडी पांघरून पारायणाला बसलात. सातही दिवस उठला नाहीत. आत्याबाई मला म्हणाल्या, "माझा हौशा बसला की बसला." मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! बावीस वर्षं तुम्ही आंबीच्या सप्ताहाला बसलात आणि एकदाही मध्ये खंड पडू दिला नाहीत. खंड पडला तर पहिल्या अध्यायापासून, हा तिथला नियमच आहे, बरोबर आहे. पण ग्रंथ मिटून ठेवला तर तो जिथल्या तिथे राहतो. पंधरा दिवसांनी उघडा, तीच ओवी. हाताचं तसं नाही. तुम्ही थांबलात की बोटं मागे जातात. हे मी माझ्या डोळ्यांनी दोनदा पाहिलंय.

पहिल्यांदा मार्गशीर्षातल्या गुरुवारी. अनघानं काय सांगितलं होतं? दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. टेबलावर टॉवेल ठेवून हात पुढेमागे न्यायचा, पवट्याचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायचे. एवढंच. आणि तुम्ही काय केलंत? पहाटे आंघोळ, कपाळाला बुक्का, देवाकडे तोंड करून खुर्ची, आणि चहाचा घोटही न घेता सलग तीन तास. घरात कुणी बोलायचं नाही. कुकरची शिट्टी झाली तर तुम्ही माझ्याकडे असं बघायचात की मीच पाप केलं. लोकांचे नव्याचे नऊ दिवस असतात, तुमचे अकरा झाले. आणि झालंही होतं हो काम! अकराव्या दिवशी अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, तुम्हाला दिसू दिलं नाही. बाराव्या दिवशी गेणूभाऊंचे वडील वारले. भावकीतलं सुतक. आणि तुम्ही दाण्यांच्या वाट्या उपड्या करून कॉटखाली सरकवल्यात. मी विचारलं तर म्हणालात, "सुतकात नेम चालत न्हाई, शालन. एवढंबी कळंना तुला?" अनघा स्कूटरवरून आली, तिला तुम्ही चहा पाजून परत पाठवलंत. फाटकापाशी ती पोर मला म्हणाली, "काकू, मी पेशंटचे पुष्कळ बहाणे ऐकलेत. सुतकात व्यायाम बंद हे पहिल्यांदाच ऐकलं." मी मान खाली घातली. सुतक फिटलं तर म्हणे एकादशीला धरू. एकादशीला पुढे बारा दिवस होते. तोवर अंगठा आणि बोट पुन्हा एकमेकांपासून चार बोटांवर गेले होते.

दुसऱ्या खेपेला निलेशनं सगळं सामान आणलं. पाय मारायची छोटी सायकल, रबरी चेंडू, मनगटाची स्प्रिंग, घंटा वाजणारं घड्याळ. तुम्ही त्या सायकलीपुढे नारळ फोडलात, मला हसावं की रडावं कळेना. गेलेले दिवस भरून काढायचे म्हणून तुम्ही हात इतका ओढलात की चौदाव्या दिवशी खांदा सुजून लाल झाला. अति तेथे माती, दुसरं काय. अनघानं चार दिवस विश्रांती सांगितली, चारच, आणि तुमच्या लेखी नेम मोडला. मग माघातल्या एकादशीची वाट. तिसऱ्या खेपेचं सांगायलाच नको, ती रविवारी लग्नाच्या गडबडीत संपली.

आणि नेम मोडला की तुम्ही नुसता व्यायाम सोडत नाही, सगळंच सोडता, हे मला सगळ्यांत जास्त लागतं. अनघानं कुशीवर वळून, डाव्या हातानं कॉट रेटून उठायला शिकवलंय. नेम चालू असताना तुम्ही तसे उठता, मी नुसती शेजारी उभी असते. नेम मोडला की दुसऱ्या सकाळी उताणे पडून हाक मारता, "शालन, उठीव गं." निलेश पुढे झाला तर, "पोराच्या हातानं उठनार न्हाई मी." मग मी दोन्ही हात तुमच्या काखेत घालून तुम्हाला ओढून बसवते, तिथून उभं करते, तिथून मोरीपर्यंत नेते. ऐंशी किलोचे आहात तुम्ही. माझ्या अंगणवाडीच्या काट्यावर पाच पोरं बसवली तरी एवढं वजन होत नाही.

अंगणवाडीवरून आठवलं. सव्वीस वर्षं मी दर महिन्याला पोरांची वजनं केली. पुष्कळ आया तुमच्यासारख्या असतात. भिंतीवरचा तक्ता बघून घरी जातात, अंडं, दूध, पालेभाजी, केळं, सगळं हवं. दोन दिवस सगळं करतात. तिसऱ्या दिवशी अंडं नसलं की म्हणतात, आता काय उपयोग बाई, आणि पोराला चहात पाव बुडवून देतात. येसूबाईचा नातू तसाच होता, पवन. दीड वर्षाचा होऊन सात किलोसुद्धा भरेना. मी त्याच्या आईला बोलून बोलून थकले. शेवटी म्हातारीनं काय केलं, दाण्यांचं कूट आणि गूळ कालवून डबीत भरून ठेवलं, आणि पोर जवळून गेलं की धरून एक चिमूट तोंडात घालायची. कधी पाच वेळा, कधी एकदाच, कधी विसरायची. मी रागावले, येसूमावशी, वेळेवर द्या जरा. ती म्हणाली, "आगं मला कुटं घड्याळ कळतंय? गावलं की घालते." तीन महिन्यांत पोर काट्यावर वर सरकलं. आता वराळ्याच्या रस्त्यावर टेम्पो चालवतो आणि मला बघून उगाच हॉर्न वाजवतो.

आता तुम्हाला एक सांगते, जे तुम्हाला स्वतःला माहीत नाही. रविवारी, ज्या दिवशी तुमचा नेम मोडला, त्या दिवशी मी बायकांच्या बाजूला उभी होते आणि संदेशकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघत होते. सारिकावहिनीनं अक्षता वाटल्या. तुम्ही डाव्या हातानं घेतल्यात आणि उजव्या मुठीत ओतल्यात. जन्माची सवय, लग्नात अक्षता उजव्याच हातानं टाकायच्या, तुम्ही विचारही केला नसेल. पहिल्या 'सावधान'ला मूठ उघडलीच नाही. दुसऱ्याला दोन बोटं उघडली आणि निम्मे तांदूळ शेजारच्या पाहुण्याच्या बुटावर पडले. तुम्ही पुन्हा भरलेत. तिसऱ्याला, चौथ्याला, पाचव्याला. पाचव्याला हात छातीपासून वीतभर पुढे गेला आणि चारही बोटं सुटली. तीन तास देवापुढे बसून जे झालं नव्हतं ते मांडवात उभ्या उभ्या झालं, काठी काखेत धरून, बँडच्या आवाजात, आंघोळीनंतर बुक्का न लावता. मला पळत येऊन सगळ्यांसमोर तुमचा हात धरावासा वाटला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय सांगता, काल काहीच झालं नाही, खंड पडला! मग हातानं जे केलं ते कोणाच्या वहीत लिहायचं?

इथवर राग झाला. आता दुसरं. तुम्हाला वाटतंय मी लग्नघरची आवराआवर करायला मागे राहिले. आवराआवर सोमवारी संध्याकाळीच उरकली. मी मंगळवारी वहिनीबरोबर लोणावळ्यात बायकांच्या डॉक्टरकडे गेले होते. पहिल्यांदा नाही गेले. तीन वर्षांपूर्वी माझं अंग खाली उतरायला लागलं. बायकांचं दुखणं असतं ते, पिशवी जागा सोडते, चालताना, खोकताना बाहेर आल्यासारखी वाटते. तुम्हाला सांगितलं नाही, कुणालाच नाही, वहिनीला एकटीला. डॉक्टरबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, खालचे स्नायू आवळून दहा आकडे धरायचे आणि सोडायचे, दिवसातून जमेल तितक्या वेळा, ऑपरेशन लांबवता येईल. मी कुठली आंघोळ करून बसते! दूध उतू जायची वाट बघताना करायची, हजेरी भरताना करायची, वडगावला मीटिंगला जाताना एसटीत करायची. सुगीच्या दिवसांत चार-चार दिवस आठवायचंसुद्धा नाही, मग आठवलं की पुन्हा. मीच मनात म्हणायचे की हे काय व्यायाम करणं झालं, फसवाफसवी नुसती. पण मागच्या वर्षी तपासून बाई म्हणाल्या, "छान धरलंय हो तुम्ही. रोज करता वाटतं?" मी लाजून हो म्हणाले. त्या तसल्या धरसोडीवर माझी तीन वर्षं निघाली, हौशीराम.

काल तपासून त्यांनी हातमोजे काढले. मग विचारलं, "या तीन-चार महिन्यांत जड काय उचललंत?" मी म्हणाले, पाण्याचा हंडा. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हंडाच सांगितला. तुमचं नाव मी सांगितलं नाही. म्हणाल्या, आता व्यायामानं भागायचं नाही, ऑपरेशन करून घ्या, लवकर. आणि माझ्या तोंडून काय गेलं असेल? "पाडव्यानंतर बघते." माझं मलाच ऐकू आलं. मी तरी वेगळं काय करत होते? यांचा हात एकदा नीट होऊ दे, मग माझं बघू, असं म्हणत मी चार महिने तुम्हाला उचलत राहिले. तिथेच बसल्या बसल्या मी तारीख घेतली. बारा मार्च, गुरुवार. पाडवा त्याच्यापुढे सात दिवसांनी येतो, तेव्हा माझे टाके ओले असतील. त्यानंतर सहा आठवडे तांब्याच्या वर काही उचलायचं नाही, आणि तुम्हाला तर जन्मात पुन्हा उचलायचं नाही.

हे पत्र त्यासाठी लिहिलं. बारा मार्चपर्यंत दोन आठवडे आहेत. कृपा करून नेम धरू नका, नारळ फोडू नका, माझ्यासाठी कसला नवस तर मुळीच बोलू नका. घरात कुणाचं सुतक आलं, वीज गेली, पाहुणे आले, कंटाळा आला, तरी हात जेवढा हलेल तेवढा हलवा, आणि एखाद्या दिवशी नाहीच हलवला तर दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच झालं नाही असं समजून हलवा. मला भीती वाटते आहे हो. ऑपरेशनची वाटते, आणि त्याहून जास्त घरी आल्यावरची वाटते. पहिले काही दिवस मला कुशीवर वळून उठताना कुणाचा तरी हात धरावा लागेल असं बाई म्हणाल्या. वहिनी येईल, पण ती किती दिवस राहणार? निलेशला मी हात मागणार नाही, पोराच्या हातानं उठायची मलाही लाजच वाटते. तुम्ही कॉटशेजारी खुर्ची घेऊन बसा आणि हात पुढे करा. उजवा आला तर उजवा करा, नाही आला तर डावा चालेल.

तुमचीच,
शालन